काट्यांची पेंढी

“वेदीवर काटे! आई, सणाच्या दिवशी देवाच्या वेदीवर कोणी काटे ठेवतं का?”

एकदा एक शिष्य आपल्या गुरूशी असा भांडत होता, तोही भर रस्त्यात. गुरू म्हणजे इस्राएलच्या डोंगराळ मुलखातली एक वृद्ध संदेष्ट्री. देवाचं म्हणणं राजालाही तोंडावर ऐकवणारी. मंदिराच्या सेवकांनी दोघांना नुकतंच धक्के मारून बाहेर काढलं होतं. म्हातारीच्या कपाळाला खोक पडली होती. मागून एक विधवा येत होती, कडेवर मुलगी घेऊन. मुलीचं नाव तिर्सा.

भांडणाचं मूळ एका शेतात होतं. त्या लोकांत रीत अशी, की कापणीत शेताचे कोपरे कापायचे नाहीत. तिथलं पीक विधवांचं, अनाथांचं, परक्यांचं. नियमशास्त्रच तसं होतं. गावच्या जमीनदाराने ते अक्षरशः पाळलं. फक्त पेरणीच्या वेळी त्याने शेतातले सगळे दगड चारही कोपऱ्यांत नेऊन टाकले आणि बी मधोमध पेरलं. कोपऱ्यांत काटे उगवले. कापणी आली, तेव्हा त्याने कोपऱ्यांना विळा लावला नाही. कोपरा पेरलेला असावा, हे शास्त्रात लिहायचं राहूनच गेलं होतं. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, एवढी लाज माणसाला असेलच.

आज पहिल्या पेंढीचा सण होता. जो तो जवाची पहिली पेंढी घेऊन वेदीपाशी उभा होता. म्हातारीने विधवेच्या वाट्याच्या कोपऱ्यातले काटे उपटले, दोरीने नीट बांधले आणि जमीनदाराच्या भरदार पेंढीशेजारी ठेवून म्हणाली, “ही त्याची पेंढी. ही हिची. दोन्ही त्याच शेतातल्या.”

मंदिराचा पुजारी, याजक, ओरडला, “विटाळ केलास!” जमीनदार मात्र शांत होता. “मी कोपरे सोडलेत. कुणालाही विचारा.” सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटं कुठे होतं त्यात? मग तो म्हणाला, “यापुढे सरवा वेचायलासुद्धा माझ्या शेतात कुणी पाऊल टाकायचं नाही.” कापणीत गळालेली कणसं वेचायची, तेवढीही वाट बंद झाली.

“टोपलीभर जव देणार होता तो,” शिष्याचा आवाज फुटला. “काल त्याच्या दारात तिष्ठत उभा राहून मी कबूल करून घेतलं होतं. तुम्ही गप्प बसला असतात, तर आज ह्या पोरीने भाकरी खाल्ली असती.”

“ठाऊक होतं मला.”

“ठाऊक होतं? आणि तरीही?”

“म्हणूनच!” म्हातारी गर्रकन वळली. “कोपरा हिचा. तो गिळायचा आणि त्यातलीच टोपली हिच्यापुढे दान म्हणून ठेवायची. हिने पाया पडायचं, गावाने त्याला दयाळू म्हणायचं, याजकाने त्याच्या नावाने धूप जाळायचा. पुढच्या वर्षी सगळेच जमीनदार कोपऱ्यांत दगड टाकतील आणि सणाला टोपल्या वाटतील. अरे, हक्क बुडवून जी दया येते, ती त्या चोरीचीच धाकटी बहीण. देवाला सण नको, पेरलेला कोपरा हवाय.”

“मग पेरला का कुणी? ऐकलं का कुणी?”

“नाही.”

“उद्या ऐकतील?”

“नाही. माझ्या गुरूंचंही ऐकलं नव्हतं. त्यांना दगडांनी मारलं.”

“मग तुमच्या खरं बोलण्याचा उपयोग काय?”

“आणि तुझ्या दारोदार उभं राहण्याचा? तुझ्यासारख्या गोडबोल्यांमुळेच त्यांची झोप मोडत नाही!”

“आणि तुमच्यामुळे आमची चूल पेटत नाही!”

दोघांचेही आवाज चढले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, म्हणून दोघांनाही थांबता येईना. येणारेजाणारे मजा बघत उभे राहिले. तेव्हा विधवेने मुलीला खाली ठेवलं आणि दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

“आई, तुम्ही खरं बोललात, आणि भाऊ, तुम्ही शहाणपणाचं केलंत, आता ह्यातलं तिर्साला काय भरवू, तेवढं सांगा.”