येसाक्काची पालथी पुंगळी

फार वर्षं झाली या गोष्टीला. सोंडीच्या खिंडीत तेव्हा गाडीरस्ता नव्हता. कोकणातून मिठाचे तांडे वर यायचे, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून. खिंड ओलांडली की पहिलं गाव लागायचं ते आपलं शिरसोंडी. गावात मीठ यायचं ते त्या वाटेनंच. दुसरी वाट नव्हती.

गावात येसाक्का नावाची तांबटीण होती. आईबाप पटकीच्या साथीत गेले तेव्हा भाऊ अंगावरचा होता, तुळाजी. हिनं बापाचा भाता सोडला नाही आणि भावाला खाली ठेवला नाही. एका हातानं भाता ओढायची, दुसऱ्या हातानं पाळण्याची दोरी. तिच्या हातचा हंडा पडला तर पोचा यायचा नाही, दगडाला यायचा, असं म्हणतात.

तुळाजी मोठा झाला आणि खिंडीतल्या चौकीवर राखणदार लागला. दरबारानं त्याला एक आखूड नळीचं पिस्तूल दिलं. त्याच्या पोटात फिरतं चाक होतं आणि चाकात काडतुसं बसायची. खिंडीत तेव्हा एक लंगडा वाघ होता. दोन गोणीवाले त्यानं नेले होते. तुळाजी तांड्याच्या पुढं चालायचा आणि हवेत बार काढायचा. बार ऐकला की वाघ कड्याखाली उतरायचा, तांडा सुखरूप गावात यायचा.

असं करता करता काडतुसं संपली. दरबारात निरोप गेला. तिकडून उत्तर आलं की पावसाळ्यानंतर बघू. तांडे खिंडीच्या पायथ्याला थांबले. गावातलं मीठ संपलं. लोक अळणी भाकरी खाऊ लागले, आणि आमटीचा भुरका मारला की घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची, जणू कुणीतरी चेष्टा केलीय.

त्याच दिवसांत पलटणीतून घरी निघालेला एक शिपाई, गणू भिसे, तापानं फणफणून गावात पडला. येसाक्कानं त्याला पडवीत निजवलं, पेज पाजली. ताप उतरल्यावर तो उठून बसला, तर समोर टोपलीत पितळी पुंगळ्या. तुळाजीनं उडवलेल्या काडतुसांची ती रिकामी टरफलं होती. येसाक्का जपून ठेवायची. पितळ आहे, आटवून बैलांना घुंगरं करू, असा तिचा हिशेब.

गणू म्हणाला, "अक्का, ही आटवू नको. ही पुन्हा भरता येतात."

मग त्यानं तिला शिकवलं. आधी प्रत्येक पुंगळी उजेडात धरून बघायची. केसाएवढी चीर दिसली की ती घुंगरांच्या वाट्याला. चांगली असेल ती चिंचेनं घासायची आणि खडखडीत वाळवायची. ते तर तिचंच काम होतं, त्यात शिकायचं काही नव्हतं. मग बुडाची, ठिणगी पाडणारी, फुटकी टोपी काढून नवी बसवायची, दारूचं एक माप घालायचं, वर शिशाची गोळी दाबून तोंड आवळायचं. जवळपास चूल नको, विडी नको, कंदील नको. दारूचं माप तिनं स्वतः तांब्याचं ठोकलं, करंगळीच्या नखाएवढ्या चमच्यासारखं.

गणूनं तिला कमी-जास्तचंही सांगितलं. दारू कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. जास्त झाली तर पिस्तूल धरणाऱ्याच्या हातात फुटतं. एवढं सांगून त्यानं आपला डावा हात पुढं केला. त्याला दोन बोटं नव्हती.

"ज्यानं भरलं होतं तो वाईट माणूस नव्हता," गणू म्हणाला. "मधेच कुणाशी तरी बोलला, एवढंच."

अंगात बळ आल्यावर गणू आपल्या वाटेनं गेला. जाताना टोप्यांची डबी, दारूचा डबा आणि गोळीचा साचा तिच्यापाशी ठेवून गेला. पेजेची आठवण म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसाक्का पाटावर बसली. चाकात मावतील तेवढ्याच पुंगळ्या तिनं निवडल्या आणि ओळीनं उभ्या केल्या. तेवढीच मापं दारू मोजून वाटीत काढली, म्हणजे चूक व्हायला नको. पहिली भरली, दुसरी भरली. तेवढ्यात दारात सगुणा आली. सगुणा शेजारची, विरजण मागायला आली होती.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. दारात माणूस आलं आणि घरातलं माणूस बोललं नाही, असं शिरसोंडीत कधी झालं नव्हतं. हातातलं काम टाकून "ये, बस, पाणी घे" म्हणायचं, नाहीतर घराण्याला नावं ठेवायचे. येसाक्कानं हातातलं माप खाली ठेवलं आणि "ये गं" म्हणाली. सगुणा उंबऱ्यात टेकली. तिनं सुनेचं गाऱ्हाणं काढलं. सून भाकरी थापताना गाणं म्हणते, आता गाणं म्हणत थापलेली भाकरी फुगायची कशी? त्यावरून ती म्हशीवर आली, म्हशीवरून दिराच्या गुडघ्यावर. शेवटी विरजण न घेताच उठून गेली.

येसाक्का पुन्हा पाटावर बसली. पुंगळ्यांची तोंडं अरुंद, आत अंधार. कुठवर आलो होतो ते तिनं आठवून बघितलं, आणि वाटलं तिथून पुढं भरत गेली. शेवटच्या पुंगळीला वाटीत दारूच उरली नव्हती. ती मनात म्हणाली, सांडली असेल. डब्यातलं एक माप काढून तिनं ती भरली. सगळ्यांवर गोळ्या बसवल्या, तोंडं आवळली.

तुळाजी आला. काडतुसं ओंजळीत घेऊन बघतच राहिला. दरबारच्या काडतुसांपेक्षा ही चकचकीत. "अक्का, वाघाला तोंड बघायला होतील," म्हणाला, आणि हसत हसत खिंडीकडे गेला. तांडेवाल्यांना निरोप धाडलाच होता, ते चढायला लागले होते.

येसाक्कानं जमीन पुसायला ओलं फडकं घेतलं. सांडलेली दारू पायाखाली नको म्हणून. पाट उचलला, खाली पुसलं. फडकं बघितलं तर स्वच्छ. पाटाच्या फटीत बघितलं, वाटीच्या बुडाखाली बघितलं. एक कण नाही.

सांडली नव्हती. मग एक माप गेलं कुठं?

तेव्हा तिला गणूचा हात दिसला. ओळीतल्या कुठल्यातरी एका पुंगळीत दोन मापं गेली होती, आणि ती पुंगळी तुळाजीच्या पिस्तुलात होती.

फडकं तिथंच पडलं. येसाक्का निघाली. म्हातारी नव्हती, पण तरणीही नव्हती, आणि खिंड म्हणजे उभी चढण. तिचे पाय मातीला लागलेच नाहीत, असं म्हणतात. बांधावरच्या गड्यांनी "अक्का, कुठं?" विचारलं, तिनं मान वळवली नाही. जन्मात पहिल्यांदा तिनं कुणाला उत्तर दिलं नाही.

आणि निम्म्या चढणीवर वाटेत वाघ बसला होता. तोच, लंगडा. असं म्हणतात की येसाक्का थांबलीसुद्धा नाही. चालता चालता त्याला म्हणाली, "सरक बाजूला. मला बोलायला वेळ नाही." वाघानं तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि पाय आखडून घेऊन वाट दिली. वाघ कसा सरकेल, असं पोरं विचारतात. मी तिथं नव्हतो. पण ती वर पोचली, एवढं खरं.

वर तांडा खिंडीच्या तोंडाशी आला होता. बैलांना वास आला होता, ते पाय रोवून उभे होते. तांड्याचा नायक काशाबा ओरडत होता, "राखणदार, बार काढ की! कशाची वाट बघतोस?" तुळाजीनं पिस्तूल वर केलं होतं, बोट चापावर गेलं होतं. येसाक्कानं मागून येऊन त्याचं मनगट धरलं. धाप एवढी की शब्द फुटेना. तिनं नुसती मान हलवली.

तुळाजीनं हात खाली घेतला. हिनं लहानपणापासून मान हलवली की तो थांबायचा, ती सवय कामाला आली.

चौकीत जाऊन तिनं सगळी काडतुसं पिस्तुलातून काढून घेतली. वरून सगळी सारखी, तोंडं तिनंच पक्की आवळलेली. तिनं डोळे मिटले आणि एकेक काडतूस तळहातावर घेऊन तोलू लागली. दारूच्या त्या एका मापाचं वजन ते काय, मोहरीच्या चार दाण्यांचं. पण सगळा जन्म तिनं तांबं तोललं होतं.

तुळाजी चौकटीला हात लावून उभा राहिला. काशाबा आत यायला निघाला, तर तुळाजीनं त्याला हातानंच थांबवलं. तांडा गप्प झाला. असं म्हणतात की बैलांच्या गळ्यातल्या घंटासुद्धा वाजायच्या थांबल्या, कड्यावरचा वारा जागच्या जागी उभा राहिला, आणि खाली वाटेवर वाघानं शेपटी आपटायची बंद केली.

पहिल्यांदा काढलेलं काडतूस तिनं पुन्हा उचललं. पुन्हा तोललं. ते बाजूला ठेवलं आणि डोळे उघडले.

"झालं," ती म्हणाली. "या."

ते काडतूस चापापुढचंच होतं. बोट दाबलं असतं तर तेच उडालं असतं, आणि तुळाजीचा हात त्याच्याबरोबर.

काशाबानं ते लांब चिमट्यात धरून झऱ्याच्या डोहात सोडलं. तीन दिवस डोह आतल्या आत गुरगुरत होता, असं म्हणतात. अजूनही थंडीत त्या पाण्यावर वाफ दिसते.

मग तुळाजीनं उरलेल्यातलं एक काडतूस घालून हवेत बार काढला. खणखणीत, जसा निघायला हवा तसा. दरीतून तो परत आला, आणि कड्याखाली झाडी हलली. वाघ गेला. बैलांनी आपणहून पाय उचलले.

येसाक्का मात्र तिथंच मटकन बसली. तुळाजीचा उजवा हात तिनं मांडीवर घेतला आणि बोटं एकेक करून चाचपली, तो पाळण्यात असताना चाचपायची तशी. सगळी जागेवर होती. तुळाजी म्हणाला, "अक्का, मोजून झाली असतील तर सोड, तांडा पुढं गेला." तेव्हा ती रडली, आणि रडता रडता हसायला लागली. काशाबाला वाटलं बाईला वारं लागलं. त्यानं तिच्या पदरात ओंजळभर मीठ घातलं.

खाली येताना ती एकच बोलली म्हणतात. "सगुणीला विरजण द्यायचं राहिलं."

त्या रात्री गावात घरोघर आमटी झाली. सगुणेच्या सुनेनं गाणं म्हणत भाकऱ्या थापल्या, आणि त्या टम्म फुगल्या.

त्यानंतरही येसाक्कानं पुष्कळ वर्षं काडतुसं भरली. पण तिनं आपली एक रीत बांधली. रिकाम्या पुंगळ्या सगळ्या पालथ्या ठेवायच्या. जी भरायची तेवढीच उलथायची, आणि भरली की तिथल्या तिथं तिचं तोंड बंद करायचं. आत डोकावायला नको, आठवायला नको. कुठल्याही क्षणी उठलं तरी पालथं ते रिकामं, उभं ते भरलेलं. आणि सगळ्या गावाला तिनं सांगितलं, मी पाटावर असले तर हाक मारू नका, दारात थांबा. सगुणा थोडे दिवस रुसली. म्हणायची, मी विरजणाला गेले आणि नाव वाघापर्यंत पोचलं. पण सगळ्यांत आधी चौकटीला हात लावून गप्प उभी राहिली ती तीच. तिला ते फार अवघड गेलं, असं म्हणतात.

आता खिंडीत डांबरी रस्ता आहे. वाघ नाही, चौकीची नुसती भिंत उरलीय. मीठ दुकानात पिशवीतून मिळतं. पण शिरसोंडीत कुठल्याही घरी जाऊन बघा, रिकामं भांडं उताणं दिसणार नाही. दसऱ्याला कोयते-कुऱ्हाडी पूजेला मांडतात, तेव्हा मधोमध एक पितळी पुंगळी असते, पालथी. कुंकू तिच्या बुडाला लावतात.

आणि कुणी औषध मोजत असेल, बियाणं मोजत असेल, लग्नाच्या कढईत मीठ घालत असेल, तर आलेलं माणूस हाक मारत नाही. पाहुणा असो, पाटील असो, चौकटीला हात लावून उंबऱ्याबाहेर उभा राहतो. आतलं माणूस "ये, बस" म्हणत नाही, आणि त्याचा कुणाला राग येत नाही. घटकाभर घर गप्प असतं.

मग आतून आवाज येतो. "झालं. या."