सिलासकडे पाठ

“बास्केट पडली तरी टाळी वाजवायची नाही. आणि का, ते विचारायचं नाही.”

शलाका दहा वर्षांची होती तेव्हा, मैदानावरच्या पहिल्याच दिवशी, मंडळाचे अध्यक्ष गुंदेचाकाका तिला एवढं सांगून मोकळे झाले होते. मैदान कोच भांबळ सरांचं. नियम सरांचा. नगरमध्ये दुसऱ्या कुठल्याही कोर्टावर पोरं शिट्ट्या मारत, नाचत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. इथे बॉल पडला की पुढचा बॉल.

आता ती बावीस वर्षांची होती. आणि आज सकाळीच सगळे सिलास वाघचौरेला माती देऊन आले होते.

“का, सर?” तिने विचारलं.

भांबळ सर बास्केटखाली खुर्चीवर बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पुढे कोर्टावर शोकसभेच्या खुर्च्या लागत होत्या. फ्री थ्रोच्या रेषेवर टेबल, टेबलावर सिलासचा फोटो, फोटोला हार.

“कशाचं का?”

“टाळीचं.”

“कौतुक झालं की शूटरचा हात हलतो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

ती तिथेच उभी राहिली. सरांनी ‘जा’ म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तरी आज ती हलणार नव्हती.

शलाका या मैदानावर आली ती सिलासला बघायला. तो तेव्हा चाळिशीला टेकला होता, कारखान्यातली पहिली पाळी करून यायचा आणि निम्म्या वयाच्या पोरांना घाम फोडायचा. डावखुरा. बॉल डोक्यावर नेताना त्याला घाई म्हणून नसे. अडवणारा उडी मारून खाली यायला लागला की मग हा वर उठायचा, जणू आत्ता कुठे त्याला कुणी हाक मारली असावी. मनगट खाली पडायचं. बॉल उंच, फार उंच जायचा, आणि जाळीतून असा उतरायचा की जाळीची एक गाठही हलू नये.

टीव्हीवर तिने मोठेमोठे शूटर पाहिले होते. रात्ररात्र जागून, आईची बोलणी खाऊन. त्यांच्या तोडीचं काही इथे, बाभळींच्या कडेच्या या सिमेंटच्या कोर्टावर, रोज संध्याकाळी फुकट बघायला मिळतं, हे आपल्यालाच तेवढं ठाऊक आहे असं तिला वाटायचं.

“सर, सिलासदादाला तुम्ही एकदा तरी ‘छान’ म्हणालात?”

“नाही.”

“एकदाही?”

“...नाही.”

“सोलापूरला राज्याची फायनल होती. त्याने एकट्याने एकेचाळीस पॉइंट केले. येताना एसटीत तो मुद्दाम तुमच्या शेजारी येऊन बसला. तुम्ही काय म्हणालात, आठवतं?”

सरांनी काठीचं टोक सिमेंटवर फिरवलं.

“‘डावा पाय उशिरा पडतोय.’ मग नगर येईपर्यंत तुम्ही झोपलात.”

“कुणी सांगितलं तुला?”

“त्यानेच. हसत हसत सांगायचा. पण दर वेळी हीच गोष्ट सांगायचा, सर. माणूस लागलेलंच पुन्हा पुन्हा सांगतो.”

सरांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“मी तुमच्याकडून परतताना दिसले की सायकल थांबवायचा. ‘सर काही म्हणाले का गं?’ मी विचारायची, ‘कशाबद्दल?’ तर म्हणायचा, ‘असंच.’ बारा वर्षं, सर. तोंडाने ‘असंच’ म्हणायचा, आणि...”



सरांनी खुर्च्यांकडे पाहिलं.

“तो शूट करायचा तेव्हा मी कुठे असायचो?” त्यांनी विचारलं.

“इथेच. बास्केटखाली. आमच्याकडे पाठ करून. पडलेला बॉल झेलायचात आणि खांद्यावरून मागे टाकायचात.”

“मग? मला कसं कळायचं कुणाचा शॉट ते?”

“कसं?”

“आवाजावरून. रत्नपारखीचा बॉल आधी रिंगला विचारायचा, मग आत जायचा. थोरल्या सपकाळचा बोर्डाला थोबाडीत मारून यायचा. मीना भोसले दोन हातांनी टाकायची, तिचा बॉल जाळीत जरा बसायचा. दमल्यासारखा.”

“आणि माझा?”

“तुझ्या बॉलला घाई. जाळी उलटी होऊन रिंगवर अडकते. मग मलाच काठीने सोडवावी लागते.”

एरवी ती हसली असती.

“सिलासदादाचा?”

“त्याचा...” सर थांबले. “त्याच्या वेळी मला मान वर करून बघावं लागायचं. पडला की नाही, कळायचंच नाही.”

“हे त्याला का नाही सांगितलंत?”

 टेबलावरच्या फोटोचा हार वाऱ्याने सरकला. गुंदेचाकाकांनी लगबगीने येऊन तो नीट केला आणि ‘सरांना त्रास देऊ नकोस’ असे डोळे शलाकावर वटारून ते परत गेले.

“सर, पाठ का करायचात?”

सर सरळ झालेल्या हाराकडे बघत होते.

“सांगा ना. तो प्रत्येक शॉटनंतर तुमच्याकडे बघायचा. बॉलकडे नाही, तुमच्याकडे. मी बघितलंय. त्याला दर वेळी तुमचा शर्ट दिसायचा फक्त. का?”

“चेहरा आवरायचा नाही,” सर म्हणाले.

शलाकाला आधी समजलं नाही. मग समजलं, आणि तिचा राग दुप्पट झाला.

“म्हणजे तुम्हाला आवडायचं.”

सर वर रिंगकडे बघायला लागले.

“इतकं आवडायचं की तोंड लपवायला लागायचं. आणि त्याला वाटत राहिलं, आपल्यात काहीतरी कमी आहे. मग तो चेहरा राखून ठेवलात कुणासाठी, सर?”

 आज सरांची खुर्ची कोर्टाकडे तोंड करून होती, त्यामुळे तो चेहरा तिला दिसला. तिला वाटलं होतं तसा तो कठोर नव्हता. तिने नजर फिरवली.

माणसं जमली. जुने खेळाडू, मंडळाचे पदाधिकारी, पांढरे शर्ट, गुडघे धरून बसणारे. भाषणं झाली. सिलास शिस्तीचा होता, असं एकाने सांगितलं. वेळेवर यायचा, असं दुसऱ्याने. कधी उलटून बोलला नाही, असं तिसऱ्याने. तो बॉल कसा टाकायचा, हे कुणीच सांगितलं नाही.

सरांना विनंती झाली. त्यांनी बसल्या जागी हात हलवून ‘नाही’ म्हटलं.

“सरांना शब्द सुचत नाहीत, आपण समजू शकतो,” गुंदेचाकाका माइकवर म्हणाले. “आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहून श्रद्धांजली वाहू.”

खुर्च्या सरकल्या. सर सोडून सगळे उठले. माना खाली गेल्या.

शलाका पहिल्या रांगेत बसून राहिली.

“ए शलाका, ऊठ,” शेजारून कुणीतरी कुजबुजलं.

“नाही.”

“बेटा,” गुंदेचाकाका माइकवरून हात काढत म्हणाले, “अगं दोनच मिनिटं. मेलेल्या माणसाचा मान असतो.”

“तीस वर्षं आपण त्याच्यासाठी गप्प बसलोय, काका. एकेचाळीस पॉइंट केले तेव्हा गप्प. सरावात ओळीने बावीस शॉट टाकले तेव्हा गप्प. आणखी दोन मिनिटांनी त्याचा कसला मान होणार? मी नाही गप्प बसणार.”

“हे बघ, नियम—”

“नियम सिलासदादाने पाळला. शेवटपर्यंत. त्याला काय मिळालं?”

  गुंदेचाकाकांनी खाली मान घातलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. कुणी त्यांच्या मदतीला येईना. सगळ्यांनी ते बावीस शॉट मोजले होते. मनातल्या मनात.

शेवटी त्यांनी बास्केटखाली पाहिलं.

“सर, तुम्हीच सांगा हिला.”

भांबळ सर काठीवर भार देऊन उठले. काठी बाजूला ठेवली, ती सरकून खाली पडली. त्यांनी उचलली नाही. फोटोच्या समोर येऊन ते उभे राहिले आणि दोन्ही तळवे शलाकापुढे धरले. 

“पोरी,” ते म्हणाले, “कशी वाजवतात, दाखव.”