गोल पानावरचा राजा

“खोट खंय आसा, ता तरी सांगा अण्णानू.”

सगुणने हे तिसऱ्यांदा विचारलं. आधीच्या दोन्ही वेळी विश्रामअण्णांनी पान नुसतं परत दिलं होतं.

अण्णा सावंतवाडीत गंजिफा करत. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. सगुण अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होता. अकरा वर्षं साध्या पानांवरचे मासे आणि कासवंच रंगवत. राजांची पानं अण्णा स्वतः रंगवत, पण आता कुंचला धरला की त्यांचा हात थरथरायचा.

सगुणचा राजा पसंत पडला तर राजांची पानं त्याच्याकडे येणार होती. नाही पडला तर काम बंद, आणि सगुण खेळण्यांच्या दुकानात लाकडी आंबे रंगवायला जाणार. तसं त्याने घरी सांगूनही ठेवलं होतं.

लोक त्याला गर्विष्ठ म्हणत. मला विचाराल तर तो थकला होता. थकलेला माणूस पुष्कळदा गर्विष्ठच दिसतो.

“रंग?”

“रंग बरो.”

“रेघ?”

“माझ्यापेक्षा बरी.”

“मगे?”

अण्णांनी डोळे मिटले...

“राजा मागे पडता.”

सगुणने पान उचलून डोळ्यांसमोर धरलं. या पानावरचा राजा म्हणजे राम, चौरंगावर ताठ बसला होता.

“ताठ आसा. तुमचे डोळे थकले, अण्णानू.”

“थकलेच.”

अण्णा चिडले नाहीत, याचाच सगुणला जास्त राग आला.

“दी हयसर,” अण्णा पान मागत म्हणाले. “आणि हात मागे बांध.”

“हात?”

“मागे.”

अकरा वर्षांनी शाळेतल्या पोराची शिक्षा. तरी सगुणने हात मागे घेतले. अण्णांनी कोपरं गुडघ्यांवर टेकली, दोन्ही हातांनी पान धरलं आणि चौरंगाची रेघ खिडकीच्या चौकटीबरोबर आडवी आणली.

राजा मागे कलला होता. पंगतीनंतर भिंतीला टेकून पेंगणाऱ्या पाहुण्यासारखा.

सगुण झटकन पुढे झाला आणि त्याने पान हिसकावून घेतलं. हातात येताच राजा पुन्हा ताठ.

“फिरवलंस,” अण्णा म्हणाले.

“नाय.”

“दर खेपेक फिरवतंस. पान गोल आसा. फिरता.”

सगुणने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग चौरंगाकडे. चौरंग तिरका झाला होता. इतके दिवस तो फक्त राजाकडे बघत आला होता.

तो खाली बसला. त्याला रडू येत होतं आणि रडायचाही कंटाळा आला होता.

...

बऱ्याच वेळाने तो उठला. फळीवर अण्णांनी रंगवलेला राजा होता. त्यावरूनच तो सगळं शिकला होता. त्याने ते पान घेतलं, दोन्ही हातांनी धरलं, चौरंगाची रेघ चौकटीला लावली. पाहत राहिला.

“अण्णानू...”

“काय?”

“तुमचो राजा पण कललो हा.”

हे बोलताना त्याला जराही बरं वाटलं नाही.

अण्णांनी हात पुढे केला. पान घेतलं. त्यांचा अंगठा किंचित सरकला. डोळे बारीक करून ते पाहत राहिले. सगुण त्यांच्या अंगठ्याकडे पाहत होता.

“माका सरळच दिसता,” अण्णा म्हणाले. मग कुंचल्यांचा डबा त्याच्याकडे सरकवला. “उद्यापासून राजे तू रंगव. पान धरूक मी आसंय.”