नांदगिऱ्याचा मुका पाळणा

नांदगिऱ्यात बारशाला पहिल्यांदा आलेली माणसे गोंधळतात. आत्याने नाव ठेवले, पाळण्याची दोरी हाती आली, आणि सगळ्या बायका एकदम गप्प! गाणे विसरल्या की काय, असे वाटते. मग आबा गुरव पाहुण्यांना अंगणात नेऊन ही हकिगत सांगतात.

फार वर्षांपूर्वी या गावात गिरमाजीपंत नावाचे कवी होते. एक मात्रा जास्त झाली तर भरल्या ताटावरून उठत, म्हणे. वीस वर्षे बोटांवर मात्रा मोजण्यात गेली. उतारवयात मुलगी झाली आणि बायको बाळंतपणातच गेली. मूल रडू लागले ते थांबेना. शेजारच्या गोदाक्का कापसाच्या वातीने शेळीचे दूध पाजू पाहत, पण रडण्याच्या उबळीत ते बाहेर येई. तिसऱ्या दिवशी मुलीचा आवाजही बसला.

पंतांना दुसरे काय येत होते? त्यांनी पाळणा रचला. जवळजवळ निर्दोष. दोरीही ते वृत्तावरच ओढू लागले. यती, म्हणजे ओळीतला विराम, आली की पाळणा मध्येच थांबे, आणि मूल दचके.

"पंत, पोरीला झोपवताय की तिची परीक्षा घेताय?" गोदाक्का म्हणाल्या. "तुमचं गाणं ऐकून मलाच रडू फुटतंय."

"एक अक्षर अडतंय, अक्का. तेवढं सापडलं की..."

"अक्षर राहू द्या. ती काय म्हणतेय ते ऐका आधी!"

पंत वरमले. पाळण्यावर वाकले. कान मुरलेला, बोटे आपोआप मोजू लागली. तीन ऱ्हस्व हुंदके, एक लांब श्वास. पुन्हा तीन, पुन्हा एक. त्या लांब श्वासाबरोबर त्यांनी दोरी ओढून सोडली. शब्द सुचलेच नाहीत. नुसते 'हूं' म्हणत राहिले. हळूहळू तिनाचे दोन झाले, दोनाचा एक. दिवस कलताना मुलीने वात चोखली, असे सांगतात.

ती गाण्याने शांत झाली की नुसती थकून, हे पंतांना शेवटपर्यंत ठरवता आले नाही. पुढे तिच्याच मुलाच्या बारशाला बायकांनी त्यांना पाळणा म्हणायचा आग्रह केला. दोरी धरून ते वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. कोणीतरी खोकले, तसे म्हणाले, "थांबा. अजून ऐकू येत नाही."

आजही नांदगिऱ्यात बाळाचा श्वास ऐकू आल्याशिवाय कोणी पाळणा म्हणत नाही. कधी तो चटकन ऐकू येतो, कधी फार वेळ लागतो; आणि तेवढा वेळ आईचा जीव थाऱ्यावर नसतो.