बटव्यातली हवा

“म्हणजे हवा चांगली आणि पोरंच कमजोर... असंच ना, डॉक्टरसाहेब?”

डॉ. कौस्तुभ नगरकरांनी मान डोलावली. बोलणं जरा बोचरं होतं, पण आकडे तेच सांगत होते.

विचारणारे रामगिरी महाराज टेकडीवरच्या मठात घोंगडीवर बसले होते. खाली खडी फोडणाऱ्या मशिनांची घरघर चालू होती आणि शेजारच्या शाळेचं छप्पर धुळीनं पांढरं पडलं होतं. महाराज गावातल्या पोरापोरींना शंख वाजवायला शिकवत. यंदा बऱ्याच जणांचा शंख पूर्वीइतका टिकत नाही, दम आधीच संपतो, हे पहिल्यांदा हेरलं ते त्यांनीच. ना दवाखाना, ना तपासणी. नुसते म्हाताऱ्याचे कान! डॉक्टरांना बोलावणंही त्यांनीच धाडलं होतं.

डॉक्टर आले ते थाटात. वीस मुलांच्या गळ्यात त्यांनी काडेपेटीएवढं एकेक यंत्र अडकवलं. मूल जिथे जाईल तिथली हवा यंत्र मोजणार. आकडे आपोआप मोबाइलवर येत, त्यामुळे पुढचे पंधरा दिवस डॉक्टरांना शहरातली खुर्ची सोडावी लागली नाही. उद्या कलेक्टर कचेरीत सुनावणी होती. मशिनं शाळेपासून हलवायची की नाही, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं.

“यंत्र खोटं बोलत नाही, महाराज,” डॉक्टर म्हणाले. “आज सकाळी नळीत फुंकून घेतलं, तेव्हा तेरा मुलांचा श्वास कमी भरला, हे खरं. पण हवा स्वच्छ आहे. कारण दुसरं काही असेल.”

“असंल...” महाराज म्हणाले. “ते यंत्र श्वास कुठनं घेतं?”

“बारीक भोक असतं त्याला. तिथून.”

कोपऱ्यात शंख पुसत बसलेल्या मुक्ताला महाराजांनी हाक मारली. “साहेबांचं यंत्र दाखव बरं.”

मुक्तानं गळ्यातला बटवा पुढे केला. आईनं शिवलेला, मण्यांची किनार लावलेला. त्याच्या आत प्लॅस्टिकची पिशवी, गच्च गाठ मारलेली. पिशवीत यंत्र, खंडेनवमीचं हळदकुंकू लावलेलं, बाकी अगदी कोरं करकरीत.

“सगळ्यांनी असेच बटवे शिवलेत, सर,” ती अभिमानानं म्हणाली. “तुम्हीच म्हणाला होता ना, लई महागाचं आहे, धुळीपासून जपा म्हणून. पूजा सोडली तर एकदा पण उघडलं नाही.”

बोलता बोलता तिला खोकल्याची उबळ आली. तिनं बटवा चटकन तोंडापासून लांब धरला.

डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला.



अहवाल आहे तसा दिला असता तरी कुणाला पत्ता लागला नसता. खरं सांगितलं तर भर कचेरीत शोभा होणार होती. डॉक्टरांनी मुक्ताकडे पाहिलं. मग आपल्या बॅगेतून अहवालाचे कागद काढले आणि टराटरा फाडले.

“चूक माझी झाली, असं उद्या सांगतो. नव्यानं मोजून होईपर्यंत निकाल देऊ नका, अशी विनंती करतो. हसले तर हसू देत.”

महाराज बाजूला सरकले आणि त्यांनी घोंगडीवर जागा करून दिली. त्या घोंगडीवर आमदारालासुद्धा कधी बसायला मिळालं नव्हतं. डॉक्टर संकोचून टेकले. मोठा माणूस म्हणून नव्हे, पण भला माणूस म्हणून ते त्या दिवशी तिथे शोभून दिसले.

“मुक्ता, पिशवी काढून टाक,” ते म्हणाले. “यंत्र उघडंच घाल गळ्यात.”

मुक्ता घाबरली. “पण सर, धूळ जाईल की आत! बिघडलं म्हणजे?”

डॉक्टरांनी महाराजांकडे पाहिलं.

महाराजांनी प्लॅस्टिकची गाठ सोडवली आणि यंत्र तिच्या गळ्यात घातलं.

“बिघडू दे, पोरी. ते बिघडलं की माणसं धावत येतात...”