ठकूबाईच्या डाव्या हाताची जागा

पाहुणे, त्या धोंड्यावर नका बसू. इकडं या, सावलीही इकडंच जास्त आहे. राग मानू नका. नवा माणूस आला की नेमका तिथंच टेकायला जातो, कारण ऐन गर्दीतही तेवढी एकच जागा मोकळी असते.

हे आमच्या सोनथडीचं ख्रिस्ती कबरस्थान. निंबाखाली ही धोंड्यांची ओळ आहे, मयताच्या घरच्यांनी बसावं म्हणून. त्यातल्या त्या एका धोंड्यावर आमच्यातलं कुणी बसत नाही. असं का, ते सांगतो. मला अक्षर येत नाही. माझ्या चुलत्यानं सांगितलं तसं सांगतो.

आमचे लोक तेव्हा नुकतेच ख्रिस्ती झाले होते. वीस-बावीस घरं. याकोब मास्तर म्हणून एक होते, तेच शाळा घ्यायचे, तेच उपासना चालवायचे. माणूस सरळ, पण कडक. त्यांनी एक नियम घातला होता, असं सांगतात. मयताला रडायचं नाही. आपलं माणूस प्रभूकडं गेलं म्हणायचं आणि वर गळा काढायचा, म्हणजे प्रभूचा शब्द खोटा पाडणं झालं. बायकांनी ऊर बडवायचा नाही. मयताची पेटी उचलायची, टाळ वाजवायचे, गाणं म्हणायचं.

लोकांनी नियम पाळला. पाळला म्हणजे चांगला अभिमानानं पाळला. बाजारात दुसऱ्या गावची माणसं टोमणा मारायची, "काय रे, तुमच्यात मयताला वाजंत्री कितीची सांगता?" आमचे लोक हसून पुढं जायचे. मास्तरांची स्वतःची दोन लेकरं त्या काळात गेली. मास्तरांनीच गाणं धरलं, आणि म्हणे, आवाज कुठं कापला नाही.

मग एका वैशाखात तापाची साथ आली. ठकूबाई नावाची विधवा होती. तिची एकच लेक, रिबका, सात वर्षांची. पहाटे पोर गेली. ठकूबाई रडली नाही. पोरीची वेणी घातली, तिला उचललं, आणि इथं या निंबाखाली मांडीवर घेऊन बसली. खड्डा तयार होता. माणसं टाळ घेऊन उभी राहिली. मास्तर म्हणाले, "दे, ठकूबाई."

ती देईना.

मास्तरांनी पुन्हा मागितलं. तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, तुमचा नियम मी मोडणार नाही. पण रडल्याबिगर मला ती देता येत नाही. मी काय करू ते तुम्हीच सांगा."

भांडून नाही म्हणाली. विचारल्यासारखं म्हणाली. ऊन चढत होतं. तापाचं मयत, जास्त वेळ ठेवता येत नव्हतं. आणि आईच्या हातातून ओढून घ्यायची कुणाची छाती होत नव्हती. दुपार झाली तरी ती तशीच. डोळे कोरडे, पोरीच्या तोंडावरच्या माश्या वारतेय.

शेवटी मास्तरांनी तिला धीर यावा म्हणून लाजराची गोष्ट सांगायला घेतली. प्रभूचा मित्र लाजर मेला, चार दिवस झाले, बहिणी दुःखात होत्या. मग प्रभू आला, थडग्याची धोंड सरकवा म्हणाला, हाक मारली, आणि मेलेला उठून बाहेर आला. "आपली रिबकाही अशीच उठेल," मास्तर म्हणाले.

माणसांत बायजाआजी बसली होती. दोन्ही डोळ्यांनी आंधळी, सगळ्यांत थोरली. ती म्हणाली, "याकोबा, मधलं गाळलंस."

"कुठलं मधलं, आजी?"

"तुला ठाऊक आहे. तुझ्या आधीच्या मास्तरानं सांगितलं होतं, मी ऐकलंय. थडग्याकडं निघाल्यावर प्रभूनं काय केलं?"

मास्तरांनी काखेतलं पवित्र शास्त्राचं पुस्तक पुढं घेतलं.

"रडला ना?" आजी म्हणाली. "घटकाभरात उठवायचा होता, तरी रडला. मग त्याचा विश्वास कमी होता व्हय?"

मास्तरांनी पुस्तक उघडलं. पाठ होतं त्यांना, तरी उघडलं. त्या ओळीवर बोट ठेवलं. मग पायताण काढून ठकूबाईच्या उजव्या हाताला भुईवर बसले, आणि या माणसाला रडू फुटलं. ते रिबकासाठी होतं की त्यांच्या दोन लेकरांसाठी, कोण सांगणार? त्यांच्यामागं ठकूबाईनं हंबरडा फोडला. मग सगळी माणसं रडली. कितीतरी मयतांचं साठलेलं होतं. दिवस कलला, तशी ठकूबाईनंच पदरानं पोरीचं तोंड पुसलं, हात पुढं केले आणि म्हणाली, "घ्या."

माती देऊन झाल्यावर बायजाआजीनं विचारलं, "ठकू, तुझ्या डाव्या हाताला कोण बसलं होतं गं?"

"कुणी नाही, आजी. तिकडं ऊन होतं. मोकळंच होतं."

"मग रडत कोण होतं? पुरुषाचा आवाज होता. तुझ्याआधी सुरू झाला आणि तुझ्यानंतर थांबला."

आजी वस्तीतल्या प्रत्येकाला आवाजावरून ओळखायची, खोकल्यावरून सुद्धा. एकेकानं सांगितलं, मी इथं होतो, मी तिथं होतो. डावीकडं कुणीच नव्हतं. एक जण म्हणाला, निंबातून वारा वाहिला असेल. आजी म्हणाली, "साठ वर्षं वारा ऐकतेय मी. तो आपल्यातला नव्हता, पण परकाही वाटला नाही." सगळे मास्तरांकडं बघायला लागले. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ओढ्यातून धोंडे आणून मांडले, आणि डावीकडच्या त्या मोकळ्या जागी मांडला तो सगळ्यांत चांगला, सपाट बघून.

आजही सोनथडीत आमच्यातलं कुणी गेलं, की पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, पायताण काढून घरच्यांच्या उजवीकडं बसतात. गाणं नंतर, प्रार्थनाही नंतर. घरचं माणूस "घ्या" म्हणेपर्यंत पेटीला कुणी हात लावत नाही. मागच्या साली नवे पाळक आले होते, शहरातले. त्या दिवशी त्यांना पलीकडच्या गावी लग्न लावायचं होतं. इथं एक म्हातारा बायकोच्या मयतापाशी बसला होता, त्याचं काही आटपेना. पाळकांनी दोनदा घड्याळ बघितलं, मग ते काढून खिशात ठेवलं आणि लग्नाकडं माणूस धाडला. नवरानवरी मांडवात बसून राहिली, वऱ्हाड जेवायचं थांबलं. कुणी विचारलं उशीर का, तर नवरीचा बाप एवढंच म्हणाला, "सोनथडीत अजून रडतायत. होऊ द्या त्यांचं."