चार वेळा पुसलेली फरशी

सोजरबाई तोंडाने फटकळ, पण उपकाराला जागणारी. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती झाडलोट आणि चहापाणी बघायची. तिच्या लेकीचा कॉलेजचा ऑनलाइन फॉर्म अडला, तेव्हा वृषालीने हातातला डबा बाजूला सारून तो भरून दिला होता.

वृषाली कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळायची. बिघाड व्हायच्या आधीच दुरुस्ती करून मोकळी, त्यामुळे कुणाची तक्रारच यायची नाही. नवे साहेब देवस्थळी मात्र सोडवलेल्या तक्रारी मोजून माणसाची लायकी ठरवायचे. भर मीटिंगमध्ये ते म्हणाले, "वृषाली, वर्षभरात तू एकही तक्रार सोडवली नाहीस. मग तू करतेस काय? उद्यापासून येऊ नकोस."

वृषालीचा चेहरा उतरला. सोजरबाई चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती. तिने साहेबांसमोर थोडा चहा फरशीवर सांडला आणि पुसला. पुन्हा सांडला, पुन्हा पुसला. असं चार वेळा.

"मावशी, डोकं फिरलंय का तुमचं?"

"नाही साहेब. चार वेळा घाण झाली, चार वेळा काढली. लिहा माझ्या नावावर चार! काल दिवसभर फरशी लख्ख होती, म्हणजे काल मी झोपाच काढल्या की!"

सगळी मीटिंग खो खो हसली. साहेब ओल्या फरशीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "वृषाली, उद्या ये."

बाहेर वृषालीने सोजरबाईचे हात धरले. "मावशी, कसे उपकार फेडू तुमचे?"

"उपकार कसले गं? माझी लेक कॉलेजात बसलीय ती तुझ्यामुळे. जा, आज तरी डबा पोटभर खा."